ऑलिंपियापासून पॅरिसपर्यंत : क्रीडांगणावरील स्त्रियांची वाटचाल

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



 निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांचा इतिहास’ असा छापला आहे. विषय मोठा आणि हाताशी वेळ थोडा. तेव्हा या मोठ्या गोधडीतला एकच धागा मी हाती धरणार आहे. तो असा की, या स्पर्धांत बाईमाणसाला जागा कशी मिळाली? ती कोणी आपण होऊन दिली, की बायकांनी ती मिळवली?

हाच धागा धरण्याला दोन कारणे आहेत. एक तर मुलींच्या शाळेत व्यायाम शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. दुसरे कारण आपल्या घरचेच आहे. मंडळापुढे यंदा एक सूचना आली आहे : समोरच्या पटांगणात सकाळचा एक तास मुलींच्या आणि बायकांच्या धावण्या-खेळण्यासाठी राखून ठेवावा. या सूचनेवर उलटसुलट बोलणे झाले, असे मी ऐकते. कोणी म्हणाले, वयात आलेल्या मुलींना इतके श्रम झेपत नाहीत. कोणी म्हणाले, ते बरे दिसत नाही. कोणी म्हणाले, संसार सोडून कोण येणार? भगिनींनो, हे तिन्ही आक्षेप नवे नाहीत. जगाच्या व्यासपीठावर ते फार मोठ्या लोकांनी घेतलेले आहेत, आणि त्यांचे पुढे काय झाले हेच मी आज सांगणार आहे.

ग्रीस देशाच्या दक्षिण भागात, आल्फिऑस नदीच्या काठी ऑलिंपिया नावाचे एक क्षेत्र आहे. क्षेत्र हा शब्द मी मुद्दाम वापरते. कारण ते शहर नव्हते, झ्यूस या देवाधिदेवाचे ते स्थान होते. दर चार वर्षांनी तेथे मोठी जत्रा भरे आणि त्या जत्रेत खेळांचे सामने होत. परंपरेने त्याचा आरंभ इसवी सनापूर्वी ७७६ या वर्षी धरतात. पहिल्या विजेत्याचे नाव कोरोइबस. तो एलिस गावचा आचारी होता असे सांगतात, म्हणजे जगातला पहिला ऑलिंपिक विजेता आपल्याच धंद्यातला म्हणायचा! आरंभी तेथे एकच स्पर्धा होती, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावण्याची. हे अंतर सुमारे १९२ मीटर होते. त्याला ‘स्टेडियन’ म्हणत, आणि आजचा ‘स्टेडियम’ हा शब्द त्यावरूनच आला. पुढे लांब पल्ल्याच्या शर्यती, मल्लयुद्ध, मुष्टियुद्ध, थाळीफेक, भालाफेक, उडी आणि चार घोड्यांच्या रथांच्या शर्यती यांची भर पडत गेली. सिसिलीपासून काळ्या समुद्रापर्यंत जेथे जेथे ग्रीक लोक वसले होते, तेथून स्पर्धक येत. ग्रीकांची ही नगरे आपसांत सदैव भांडत. पण उत्सवाच्या काळात यात्रेकरूंच्या वाटेला कोणी जाऊ नये म्हणून दूत पाठवून तहाची द्वाही फिरवीत. विजेत्याला क्षेत्रात मिळे तो फक्त रानऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट. मात्र तो गावी परतला की त्याचा थाट राजासारखा होई.

आता या सोहळ्यात बायका कोठे होत्या? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा एक ग्रीक प्रवासी ऑलिंपियाला गेला होता. त्याने तेथील चालीरीती बारकाईने लिहून ठेवल्या आहेत. तो सांगतो की, उत्सवाच्या दिवसांत विवाहित स्त्रीने तेथे पाऊल टाकले किंवा नदी ओलांडली, तर तिचा टिपेयन नावाच्या उंच कड्यावरून कडेलोट करावा असा कायदा होता. कुमारिकांना मनाई नव्हती. आणि विवाहित स्त्रियांपैकी केवळ एकीला, डिमीटर देवीच्या पुजारिणीला, आसनावर बसून खेळ पाहण्याचा मान होता.

हा कायदा एका आईने मोडला. तिचे नाव कॅलिपतेरा. काही जण तिला फेरेनिकी म्हणत. तिचे वडील, भाऊ, सारे ऑलिंपियाचे नावाजलेले विजेते. नवरा वारलेला. मुलाला सामन्यासाठी तयार करून ती स्वतःच त्याला घेऊन गेली, आणि गेली ती पुरुषाच्या वेषात, वस्ताद बनून. मुलगा जिंकला. ते पाहताच आईला भान राहिले नाही. वस्तादांना ज्या कुंपणाआड उभे करीत, ते तिने एका उडीत ओलांडले, आणि त्या गडबडीत अंगावरचे वस्त्र सरकून बिंग फुटले. कायद्याप्रमाणे कडेलोटच व्हायचा; पण ज्या घराने क्षेत्राला इतके विजेते दिले, त्या घरच्या लेकीला शिक्षा कशी करावी, म्हणून तिला सोडून दिले. मात्र त्या दिवसापासून नवा नियम झाला की, स्पर्धकांप्रमाणे वस्तादांनीही निर्वस्त्र होऊनच मैदानात यावे! एका बाईला बाहेर ठेवण्यासाठी सगळ्या वस्तादांचे कपडे उतरवले, पण दार काही उघडले नाही.

दुसरी हकीकत स्पार्टाची. तेथील राजकन्या किनिस्का हिने रथाचे घोडे पाळले होते. रथांच्या शर्यतीत मुकुट मिळे तो सारथ्याला नव्हे, घोड्यांच्या मालकाला. किनिस्काचे घोडे इसवी सनापूर्वी ३९६ मध्ये आणि पुन्हा ३९२ मध्ये पहिले आले. आपले स्मारक तिने ऑलिंपियात उभारले आणि हा मान मिळवणारी सगळ्या ग्रीसमध्ये आपण एकटीच स्त्री, हे दगडावर कोरून ठेवले. जेथे तिला पाय ठेवता येत नव्हता, तेथे तिचे नाव दगडावर राहिले.

परंतु मला सर्वांत आवडते ती तिसरी हकीकत. झ्यूसची पत्नी हेरा. तिचेही देऊळ ऑलिंपियात आहे. या देवीच्या नावाने दर चार वर्षांनी कुमारिकांच्या धावण्याच्या शर्यती होत. लहान, मधल्या आणि मोठ्या असे मुलींचे वयाप्रमाणे तीन गट करीत. मुली केस मोकळे सोडून, गुडघ्यापर्यंतचा अंगरखा घालून, उजवा खांदा उघडा ठेवून धावत. मैदान तेच पुरुषांचे. अंतर मात्र सहाव्या हिश्शाने कमी. विजयी मुलीला तोच ऑलिव्हचा मुकुट आणि देवीच्या प्रसादाचा वाटा मिळे. आणि हे सारे घडवून कोण आणी? सोळा बायका! त्यांची निवड कशी झाली याची एक कथा पॉसेनियस देतो. एलिस आणि पिसा या दोन प्रांतांत वैर माजले होते. ते मिटवण्यासाठी सोळा गावांतून एकेक वडीलधारी, शहाणी, सर्वांना मान्य अशी बाई निवडली आणि त्या सोळाजणींनी तंटा मिटवला. पुढे देवीसाठी नवे वस्त्र विणणे आणि मुलींच्या शर्यती भरवणे हे काम त्यांच्याकडेच राहिले. भगिनींनो, याला महिला मंडळ नाही म्हणायचे तर काय म्हणायचे? भांडण मिटवले, विणकाम केले आणि मुलींना मैदानावरही आणले.

पुढे ग्रीस रोमच्या अमलाखाली गेला. ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला आणि सम्राट थिओडोसियसच्या काळी, चौथ्या शतकाच्या अखेरीस, जुन्या देवांचे उत्सव बंद पाडण्यात आले. भूकंप आणि महापूर यांनी ऑलिंपिया गाळाखाली गेले. १८७५ ते १८८१ या काळात जर्मन संशोधकांनी ते खोदून वर काढले, तेव्हा युरोपला त्या जुन्या खेळांची पुन्हा ओढ लागली. इंग्लंडमधल्या मच वेनलॉक या लहान गावी एका डॉक्टरने १८५० पासूनच गावकऱ्यांचे खेळ सुरू केले होते. अथेन्समध्येही १८५९ साली तसा प्रयोग झाला होता. या साऱ्याला जागतिक रूप दिले ते पिएर द कुबेर्तँ या फ्रेंच सरदाराने. १८९४ साली पॅरिसमध्ये त्याने परिषद भरवली आणि १८९६ साली अथेन्समध्ये पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने झाले. त्यांत एकही स्त्री स्पर्धक नव्हती.

नव्हती म्हणजे घेतली नव्हती. स्टामाटा रेविथी नावाची एक गरीब बाई कामाच्या शोधात अथेन्सकडे निघाली होती. कडेवर दीड वर्षाचे मूल. वाटेत तिला मॅराथॉनच्या शर्यतीची बातमी कळली. मॅराथॉन गावापासून अथेन्सच्या मैदानापर्यंत, सुमारे ४० किलोमीटरची ती दौड. तिने नाव द्यायला हात पुढे केला, पण नाव घेतले गेले नाही. पुरुषांची शर्यत झाली, स्पिरिडन लुइस हा ग्रीक तरुण पहिला आला आणि सारा देश नाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई एकटी निघाली. निघताना तिने मॅराथॉन गावातल्या जबाबदार माणसांच्या सह्या घेतल्या, की अमुक वेळेला ही येथून निघाली. साडेपाच तासांत ती अथेन्सला पोचली. मैदानात तिला प्रवेश नव्हता. तिची धाव बाहेरच संपली. ना मुकुट, ना टाळी. पण सह्यांचा कागद मात्र तिने जवळ ठेवला होता. पुरावा लागतो, हे त्या बाईला बरोबर ठाऊक होते.

कुबेर्तँ मोठा माणूस होता यात शंका नाही. पण स्त्रियांच्या स्पर्धा त्याला पसंत नव्हत्या. त्या अव्यवहार्य, नीरस, पाहायला बऱ्या न दिसणाऱ्या आणि अनुचित, असे त्याचे मत होते आणि ते त्याने १९१२ साली लेखी मांडले. विजेत्याच्या डोक्यावर मुकुट ठेवणे हे स्त्रीचे काम, असे तो म्हणे. तरीही १९०० सालच्या पॅरिसच्या सामन्यांत ९९७ खेळाडूंमध्ये २२ स्त्रिया शिरल्या. टेनिस, गोल्फ अशा ‘शोभिवंत’ खेळांतून. इंग्लंडची शार्लट कूपर टेनिसमध्ये पहिली आली आणि वैयक्तिक स्पर्धेत जिंकणारी ती पहिली ऑलिंपिक स्त्री ठरली. १९१२ साली पोहणे आले. पण धावणे, उड्या, फेक हे जे सामन्यांचे मूळ अंग, ते स्त्रियांना बंदच राहिले.

ते दार उघडले ॲलिस मिलिया या फ्रेंच बाईने. हिचे नाव पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. ती एका सामान्य घरातली. लग्नानंतर चारच वर्षांत वैधव्य आले. भाषांतराचे काम करून ती पोट भरी आणि नावा वल्हवण्याचा खेळ खेळे. पुढे फ्रान्समधल्या स्त्रियांच्या क्रीडासंघाची ती अध्यक्षा झाली. १९१९ साली तिने ऑलिंपिक समितीकडे मागणी केली की, स्त्रियांच्या धावण्याच्या आणि उड्यांच्या स्पर्धा घ्याव्यात. समितीने नकार दिला. तेव्हा रुसून बसण्याऐवजी तिने १९२१ साली स्त्रियांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला आणि २० ऑगस्ट १९२२ रोजी पॅरिसमध्ये स्त्रियांचे स्वतःचे ऑलिंपिक भरवले. पाच देशांच्या मुली, ११ स्पर्धा आणि एकच दिवस. बायकांचे खेळ पाहायला कोण येणार, असे म्हणणाऱ्यांना उत्तर मिळाले. सुमारे २० हजार प्रेक्षक आले.

आता पुरुषांचे संघ जागे झाले. ‘ऑलिंपिक’ हे नाव वापरू नका, असा त्यांनी धोशा लावला. बाईने नाव सोडले, पण फुकट सोडले नाही. त्या बदल्यात ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या स्पर्धा घेण्याचे कबूल करून घेतले. तिचे सामने ‘स्त्रियांचे जागतिक सामने’ या नावाने १९२६, १९३० आणि १९३४ मध्ये भरतच राहिले. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथम धावल्या. पुरुषांना २२ स्पर्धा आणि स्त्रियांना पाच! इतक्या थोड्यांवर बोळवण मान्य नाही म्हणून इंग्लंडच्या मुली या स्पर्धांना गेल्याच नाहीत.

त्या पाचांत ८०० मीटरची एक शर्यत होती, आणि येथे मी आपल्याला जरा थांबवणार आहे. कारण ‘झेपत नाही’ या आक्षेपाचा जन्म येथे झाला. अंतिम फेरीत नऊ मुली धावल्या. नऊही शेवटपर्यंत पोचल्या. जर्मनीची लिना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिली आली आणि तो नवा जागतिक विक्रम झाला. दुसरी आली जपानची किनुए हितोमी. १०० मीटरमध्ये अंतिम फेरी हुकली, तेव्हा जिद्दीने ती या शर्यतीत उतरली आणि ऑलिंपिक पदक मिळवणारी आशियातली पहिली स्त्री ठरली. जोराने धावल्यावर माणूस दमतो, तशा काही मुली दमून हिरवळीवर टेकल्या. झाले! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिले की, अकरा मुली निघाल्या, त्यांतल्या पाच मध्येच सोडून गेल्या, आणि पोचल्या त्याही कोसळल्या. किती भयंकर दृश्य! बायकांचे शरीर असल्या श्रमांसाठी नाही! अकराजणी निघाल्याच नव्हत्या, मग पाच सुटणार कशा, हे कोणी विचारले नाही. ती शर्यत रद्द झाली आणि पुढची ३२ वर्षे, म्हणजे १९६० पर्यंत, ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना २०० मीटरपेक्षा अधिक धावू दिले नाही.

याच्याच शेजारी दुसरी हकीकत ठेवून पाहा. १९०८ साली लंडनच्या मॅराथॉनमध्ये डोरांडो पिएत्री हा इटालियन धावपटू सर्वांच्या पुढे मैदानात आला. पण त्याचे भान हरपले होते. तो उलट दिशेने वळला, पुनःपुन्हा पडला. शेवटी पंचांनीच त्याला हात देऊन रेषेपार नेले. मदत घेतली म्हणून तो बाद झाला. पण इंग्लंडच्या राणीने दुसऱ्या दिवशी त्याला चांदीचा पेला भेट दिला आणि जगभर त्याचे कौतुक झाले. पुरुषांना मॅराथॉन झेपत नाही, ती बंद करा, असे एकानेही म्हटले नाही. पुरुष पडला तर तो शूर, आणि बाई टेकली तर ती दुबळी! आपण मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगड्या घालतो, तेव्हा आपल्यालाही धाप लागते. त्याला आजवर कोणी आजार म्हटलेले नाही.

संसाराचा आक्षेप कोणी खोडला, तेही ऐका. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कुन आली, तेव्हा ती तीस वर्षांची होती आणि दोन मुलांची आई होती. हिने घरी राहून मुले सांभाळावीत, असा उपदेश तिला लोकांनी खूप केला. तिने १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळ्यांची शर्यत आणि रिले अशी चार सुवर्णपदके जिंकली. घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी तिला एक सायकल भेट दिली. म्हणाले, आता तरी फार धावू नकोस!

आता आपल्याकडे वळू. भारताच्या ऑलिंपिक प्रवासाची सुरुवात आपल्या पुण्यात झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत खेड्यांतली शेतकरी मुले अनवाणी धावताना सर दोराबजी टाटा यांनी पाहिली, आणि या मुलांना जगापुढे न्यावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे सहा जणांचा चमू गेला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅराथॉनमध्ये १९ वे आले. १९५२ साली हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले, असे सांगतात.

त्याच १९५२ च्या चमूत आपल्या चार मुली होत्या, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. बांद्र्याची मेरी डिसोझा आणि बंगालची नीलिमा घोष या धावपटू; डॉली नाझीर आणि आरती साहा या पोहणाऱ्या. आरती तेव्हा पुरती बारा वर्षांचीही नव्हती. तिनेच १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली; असे करणारी ती आशियातली पहिली स्त्री. त्याआधी १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई सामने झाले, तेव्हा रोशन मिस्त्री १०० मीटरमध्ये दुसरी आणि मेरी डिसोझा २०० मीटरमध्ये तिसरी आली होती. १९५४ साली मनिला येथे आपल्या चार मुलींनी रिले शर्यतीत सुवर्णपदकच आणले, त्यांतही मेरी होती.

पुढचा इतिहास भराभर सांगते. १९६० साली ८०० मीटर परत आली. १९७२ मध्ये १५०० मीटर आली. मॅराथॉन मात्र स्त्रियांना १९८४ साली मिळाली. रेविथी धावली त्यानंतर ८८ वर्षांनी! लॉस एंजेलिसला झालेली ती पहिली शर्यत अमेरिकेच्या जोन बेनॉइटने २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. १८९६ पासून १९४८ पर्यंत ऑलिंपिक मॅराथॉन जिंकलेल्या एकाही पुरुषाला इतकी चांगली वेळ देता आली नव्हती. झेपत नाही म्हणणाऱ्यांनी हे आकडे शांतपणे वाचावेत. त्याच सामन्यांत आपली पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने कांस्यपदकाला मुकली. २००० साली सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने वजन उचलण्यात कांस्यपदक मिळवले. भारतीय स्त्रीचे ते पहिले ऑलिंपिक पदक. २०१२ साली लंडनला मुष्टियुद्धही स्त्रियांना खुले झाले आणि जुळ्या मुलांची आई असलेल्या मेरी कोमने त्यात कांस्यपदक आणले.

आपल्या महाराष्ट्रातल्याही दोघींची नावे घेतलीच पाहिजेत. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावर वाढलेल्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. आणि सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे, जेथे पाण्यासाठी मैलोगणती चालावे लागे. तेथल्या शेतकऱ्याची लेक ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि जगात दहावी आली. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय स्त्री धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत पोचली.

आणि २०२४ साली पॅरिसमध्ये, जेथे १९०० साली २२ स्त्रिया होत्या आणि जेथे मिलियाबाईंनी आपले सामने भरवले, त्याच शहरात स्त्रियांना आणि पुरुषांना सारख्याच जागा ठेवण्यात आल्या. समारोपाचा मान आजवर पुरुषांच्या मॅराथॉनला मिळे. तेथे तो स्त्रियांच्या मॅराथॉनला दिला गेला. २०२५ साली तर झिंबाब्वेची जलतरणपटू कर्स्टी कॉव्हेंट्री आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी निवडून आली. ज्या समितीने मिलियाबाईंना नकार दिला होता, तीच ही समिती.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. ही जागा कोणी दिली? माझ्या मते ती दिली गेली नाही. एकीने सह्यांचा कागद जपला, एकीने संघ बांधला, एकीने दोन मुले घेऊन सराव केला. आणि जेव्हा जेव्हा चार बायकांनी मिळून स्वतः शर्यत भरवली, तेव्हा तेव्हाच दार उघडले. एकटीने कुंपण ओलांडले तर लोक नियम आणखी कडक करतात. मंडळाने मागितले तर त्यांना बोलणी करावी लागतात.

आता पटांगणाचे. माझ्या सव्वीस वर्षांत मी एक गोष्ट दरसाल पाहिली. पाचवी-सहावीतल्या मुली मुलांच्या बरोबरीने, कित्येकदा त्यांच्या पुढे धावत. आठवीत गेल्या की निम्म्या मुली खेळाच्या तासाला भिंतीला टेकून उभ्या. त्यांचे पाय काही एका वर्षात दुबळे झालेले नसत. त्यांना घरून सांगितलेले असे की, आता पुरे. त्यांतल्या किती जणी मोठ्या धावपटू झाल्या असत्या, हा हिशोब मी मांडत नाही. शंभरातली एखादी होईल. उरलेल्या नव्याण्णव जणींना चांगली हाडे, शांत झोप आणि आपल्या शरीराविषयी विश्वास मिळाला असता, हे मला पुरेसे वाटते. आणि हे मी मुलींपुरतेच म्हणत नाही. गुडघे धरून जिना चढणाऱ्या माझ्या वयाच्या भगिनींसाठीही म्हणते.

म्हणून माझी मंडळाला नम्र विनंती आहे. सकाळच्या एका तासाची ती सूचना आपण मान्य करावी. तेथे मुलींबरोबर एकदोन वडीलधाऱ्या बायका रोज हजर राहतील अशी पाळी लावावी. पुष्कळ आयांची काळजी तेवढ्यानेच मिटेल. आणि पुढच्या वर्धापनदिनी संगीत खुर्ची व लिंबू-चमचा जरूर ठेवावा, पण त्याबरोबर वयाप्रमाणे गट करून धावण्याची एक खरी शर्यत ठेवावी. हेराच्या सोळाजणींनीही तसेच गट केले होते.

शेवटी एक छोटी गोष्ट सांगते. ऑलिंपिकची ज्योत प्रत्येक वेळी ऑलिंपियातच पेटवली जाते. आरशाने सूर्याचे किरण एकवटून, पुजारिणींच्या वेषातल्या स्त्रिया ती पेटवतात. ती झ्यूसच्या देवळापुढे पेटत नाही, हेराच्या देवळापुढे पेटते. ज्या देवीच्या नावाने मुली धावत, तिच्याच दारातून ही आग साऱ्या जगात जाते. आपल्या पटांगणात आणायला ती फार लांबची नाही.